सराफ्यातून परतल्यावर

रबडीची चव तोंडात तशीच ठेवून झोपायचं, हे आमच्या लहानपणीचं केवढं तरी मोठं सुख होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आत्या आली की नाना, म्हणजे माझे वडील, आम्हा सगळ्यांना घेऊन रात्री दहानंतर इंदूरच्या सराफ्यात निघायचे. सोन्याचांदीची दुकानं बंद झालेली असायची आणि त्यांच्याच ओट्यांसमोर कढया, पराती, शेगड्या मांडलेल्या. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी आणि शेवटी रबडी नाहीतर जिलबी. हिवाळ्यात गेलो तर गराडू नावाचा कंद, तळून वर जिरावन मसाला भुरभुरलेला, वर लिंबू. रामबागेतल्या घरी पायी पोहोचेपर्यंत धाकट्याचे डोळे मिटलेले असायचे. आई दारातच विचारायची, "चुळा भरल्या का रे?" आम्ही खोटीच मान हलवून अंथरुणात शिरायचो. चूळ भरली तर चव जाईल ना! नाना स्वतः दाढेत लवंग धरून आडवे व्हायचे.

सकाळी मात्र वाडा दणाणून जायचा. मोरीवर उकिडवे बसून नाना तर्जनीने राखुंडी घासायचे, मग जीभ, मग ओकाऱ्यांचे ते मोठमोठे आवाज. पलीकडच्या बिऱ्हाडातून तसेच आवाज त्यांना उत्तर द्यायचे. पारोशा तोंडाने चहा मिळत नसे. दात न घासता कोणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला तर आजी हातातलं उलथनं दाखवायची.

सकाळचा एवढा धाक आणि रात्रीचं काहीच नाही, हे असं का, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नाही. आणि दातांचं खरं नुकसान तर रात्रीच होतं. आपल्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती नुसती ओलावा ठेवत नाही. खाल्लेल्या गोडापासून जंतू जे आम्ल करतात ते ती शमवते, आणि दाताच्या वरच्या कवचातून निघून गेलेलं कॅल्शियम, फॉस्फेट थोडं थोडं परत बसवते. ते कवच, म्हणजे इनॅमल, जवळजवळ सगळं खनिजाचंच असतं. त्यात जिवंत पेशी नाहीत, म्हणून एकदा तुटलं की ते नखासारखं पुन्हा वाढत नाही. त्याची राखण करणारी एक ही लाळच, आणि झोपेत ती जवळपास थांबते. म्हणजे रबडी दातांना चिकटलेली, राखणदार झोपलेला आणि पुढे सहा-सात तासांची रात्र. आम्ही ते सुख उराशी घेऊन झोपायचो.

जुन्यांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही. दातवण कधी करावं हे सांगताना वाग्भटाने सकाळी आणि जेवल्यावर, अशा दोन्ही वेळा सांगितल्या आहेत. काडी खैर, करंज अशा तुरट-कडू झाडाची, करंगळीच्या टोकाइतकी जाड, बारा अंगुळं लांब, टोक चावून मऊ केलेलं. आणि पुढे एक अट घातली आहे, 'दन्तमांसान्यबाधयन्', म्हणजे दातांच्या मांसाला इजा न करता. हिरडीला दातांचं मांस म्हणणं मला फार आवडतं. आमच्या घरात या सगळ्यातली सकाळ तेवढी उरली. जेवल्यावरचं दातवण आणि हिरडीची ती काळजी मधल्या पिढ्यांत कुठे गळून पडली कोण जाणे.

नानांचे दात हा आमच्या घराण्याचा अभिमान होता. ते अक्रोड दातांनी फोडायचे, ऊस दातांनी सोलायचे. पन्नाशीपर्यंत त्यांची एक दाढ किडली नाही की ठणकली नाही. "आपल्याकडे दातांचं दुखणंच नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे. १९९० मध्ये त्यांना मधुमेह निघाला. त्याच सुमारास कधीतरी ब्रशवर रक्त दिसायला लागलं. तेव्हा त्यांनी तेच केलं जे आपल्यातले बहुतेक जण करतात: जिथून रक्त येतं तिथे घासणं सोडून दिलं. तुरटीच्या पाण्याच्या चुळा, हिरडीला मीठ-हळद-तेल. रक्त दिसेनासं झालं, कारण त्या जागेला आता कोणी हातच लावत नव्हतं.

मग त्यांचे दात लांब दिसू लागले. पुढच्या दातांमध्ये फटी पडल्या, बोलताना स चा उच्चार बदलला. ऊस बंद झाला. आम्ही म्हणालो, वय झालं. त्रेसष्टाव्या वर्षी एका दुपारी खालचा पटाशीचा दात पोळीच्या घासाबरोबर हातात आला. दुखलं नाही, फारसं रक्तही नाही. आईने तो धुऊन कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला, आणि ती डबी आता माझ्या कपाटात आहे.

मी तो दात पुष्कळदा तळहातावर घेऊन पाहिला आहे. वरचा भाग पिवळसर, चकचकीत. त्याला ना एक भोक, ना एक तडा. मुळावर मात्र, जिथे हिरडीने धरून ठेवायला हवं होतं तिथे, काळपट तपकिरी किटणाचा कडकडीत पट्टा. नखाने खरवडला तर नख तुटेल, पण तो निघायचा नाही. बोअरिंगच्या पाण्याने पितळी हंड्याला आतून जसा थर बसतो, अगदी तसा. दात शाबूत होता. त्याची जमीन गेली होती.

२०१२ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, माझ्याही ब्रशवरचा फेस गुलाबी झाला. कपाटातली डबी आठवली आणि मी घाबरले. एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात गेले, कागद केला, बाकावर दोन तास बसले. शिकत असलेल्या एका मुलीने मला खुर्चीत घेतलं. तिच्या हातात खुणा आखलेली एक बारीक बोथट सळई होती. प्रत्येक दाताच्या भोवती हिरडीच्या खाचेत ती हलकेच उतरवत होती आणि आकडे सांगत होती. दुसरी मुलगी लिहून घेत होती. "दो, तीन, दो. तीन, दो, तीन." दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच सगळ्यांनाच असते, निरोगी तोंडात एक ते तीन मिलिमीटर खोल. तिथवर मला कळत होतं. मग खालच्या उजव्या दाढांशी आल्यावर सूर बदलला. "चार, पाँच, चार." तीनच्या पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे हिरडी दातापासून सुटत चालली आहे.

मी तिला सांगितलं की मी त्या बाजूला जपते, रक्त येतं म्हणून ब्रश लावत नाही. ती थांबली, मास्क खाली केला आणि म्हणाली, "आंटी, जहाँ से ख़ून आता है, वहीं तो ब्रश करना है."

त्या एका वाक्यासाठी मी त्या मुलीची जन्माची ऋणी आहे. नानांना ते विसाव्या वर्षी नाही तरी पन्नासाव्या वर्षी कोणी सांगायला हवं होतं. हिरडीतून रक्त येतं ते ब्रशने नव्हे. दाताच्या कडेला जंतूंचा मऊ, चिकट थर साचलेला असतो, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी नुसत्या स्पर्शाने रक्त सोडते. हा थर दोन-तीन दिवसांत लाळेतली खनिजं शोषून घट्ट व्हायला लागतो आणि त्याचं किटण होतं. मऊ आहे तोवर ब्रशने निघतो. किटण झालं की मग डॉक्टरांच्याच हत्याराने. आपण रक्ताला भिऊन ती जागा टाळली की थराला हवं तेवढं रान मोकळं.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात साफ करणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासायला लावलं, आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. मला यातला दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. आठवडा! माझंही तसंच झालं. किटण काढून घेतल्यावर पहिले चार दिवस रक्त जास्तच आलं, मी दातावर दात ठेवून, म्हणजे मनातल्या मनात, घासत राहिले. नवव्या दिवशी फेस पांढरा होता. बेसिनसमोर मी किती वेळ त्या पांढऱ्या फेसाकडे बघत उभी होते.

पण हे फक्त सूज वरवर आहे तोवरच. सूज खाली उतरून दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं, की गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. उपचाराने झीज थांबवता येते. माझ्या त्या पाच मिलिमीटरचे आता तीन-चार झाले आहेत आणि दर सहा महिन्यांनी मी ते मोजून घेते.

आमच्या नात्यातल्या बायकांना हे सांगताना माझ्या दातांच्या कण्या झाल्या आहेत. सगळ्यांचं एकच, "किटण काढलं की दात हलायला लागतात गं." मावशीचं, जावेचं, शेजारच्या वहिनींचं. मी समजावते की दात आधीच हलत होते, किटणाने त्यांना एकमेकांशी सिमेंटसारखं जखडून ठेवलं होतं. ते निघालं की फट दिसते, जीभ तिथे जाते, चार दिवस थंड पाण्याची सळ जाते. हिरडीची सूज उतरली की ती आक्रसते आणि म्हणून दात लांब वाटतो. वहिनी हे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "तरी पण." त्या 'तरी पण'पुढे माझं काही चालत नाही.

मी रोज काय करते ते लिहिते. ब्रश मऊ, डोकं लहान. कडक ब्रशने जोर लावून आडवं रेटणं म्हणजे हिरडी खाली ढकलणं आणि दाताच्या मानेला खाच पाडणं, आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या सुळ्यांवर ती खाच दिसते. ब्रश पंचेचाळीस अंशांत तिरपा धरायचा, निम्मे केस दातावर, निम्मे हिरडीच्या कडेवर, आणि पेन धरल्याइतक्या हलक्या हाताने जागच्या जागी थरथरवायचा. मग पुढच्या दोन दातांकडे. सगळ्या तोंडाला दोन मिनिटं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू मी कधी सोडत नाही, कारण जिभेखालच्या लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात आणि किटण सगळ्यात आधी तिथेच धरतं. नानांचा पहिला दात तिथलाच होता. दोन दातांच्या मधल्या जागेत कुठलाच ब्रश पोहोचत नाही, तिथे मी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा तारेचा एवढासा ब्रश फिरवते. तो फटीच्या मापाचा मिळतो. टूथपेस्ट फ्लोराइडची, आणि घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं. चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही! पण फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं तरच त्याचा उपयोग, म्हणून सवय केली. आणि हे सगळं रात्री, शेवटचा घास झाल्यावर. त्यानंतर फक्त पाणी.

फ्लोराइडचं नाव काढलं की मला झाबुआ आठवतं. सत्तरच्या दशकात नाना त्या जिल्ह्यात शिक्षक होते. वर्गातल्या कित्येक मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे, खडूसारखे पांढरे डाग. नाना त्यांना उभं करून दात न घासल्याबद्दल रागवायचे. पुढे त्यांना कळलं की हा दोष त्या मुलांचा नव्हता, जमिनीखालच्या पाण्याचा होता. झाबुआ, धारकडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड फार. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. लहानपणी दात घडत असताना रोज जास्त पोटात गेलं तर असे डाग पडतात आणि कितीही घासलं तरी जात नाहीत. पेस्टमधलं फ्लोराइड दाताला बाहेरून लागतं आणि थुंकून टाकलं जातं, म्हणून ते चालतं. लहान मूल पेस्ट गिळतं, म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच द्यायची. नाना म्हातारपणीही एका मुलाबद्दल बोलायचे. तो मुलगा हसताना तोंडावर हात धरायचा. "माझ्यामुळे धरायला लागला तो," असं म्हणायचे.

खाण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. इंदूरच्या माणसाला पोहे-जिलबी सोड म्हणणं मला जमणार नाही आणि तशी गरजही नाही. दर वेळी गोड पोटात गेलं की दातावरच्या थराची आम्लता काही मिनिटांत वाढते, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे प्रश्न आहे तो किती वेळा खाल्लं याचा. जेवणासोबत दोन जिलब्या खाऊन मोकळं होणाऱ्याचे दात वाचतात. कापड मार्केटात दिवसभर गादीवर बसून तासातासाला साखरेचा कट चहा पिणाऱ्या आमच्या काकांच्या दातांना सावरायला अवधीच मिळत नाही. लिंबाचं, चिंचेचं काही खाल्लं तर अर्धा तास ब्रश लावायचा नाही, नुसतं पाणी प्यायचं, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच घासलं तर तेच निघतं.

आजीचं एक सांगायलाच हवं. आईची आई साताऱ्याकडची, लग्न होऊन इंदूरला आली ती मिश्रीची डबी घेऊन. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, मग कुटायची, आणि तिचा ठसका सगळ्या घरात. आम्हाला वाटायचं आजी दात घासते. ती दिवसातून चार वेळा दात घासायची, हे आम्ही कौतुकाने सांगायचो. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती चिमूट दाबून धरायची, तिथे पांढरट चट्टा होता. तो कधी कोणा डॉक्टरला दाखवला नाही. १९९२ मध्ये सरकारने दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने गुटखा बंद केला, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा आलेलं तोंड, दोन आठवड्यांच्या वर राहिलं तर दाखवायला जायचंच. हे मी ओळखीच्या-अनोळखी प्रत्येक बाईला सांगते.

२०१३ मध्ये नानांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. तेव्हा त्यांच्या तोंडात सात दात होते. वरची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, ते आम्ही करायचोच. पण जेवण झाल्यावर तासाभराने मी बॅटरी लावून बघितलं, तर उजव्या गालाच्या आत वरण-भाताचा अख्खा घास तसाच बसलेला. त्या गालाला कळतच नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की अंथरुणावरच्या माणसाचं तोंड अस्वच्छ राहिलं तर तिथले जंतू श्वासाबरोबर छातीत उतरतात, न्यूमोनिया होतो. मधुमेहाचंही असंच दुहेरी होतं: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही.

मग रात्रीचे दात माझ्याकडे आले. नानांना उशांना टेकवून बसवायचं, मान किंचित पुढे, हनुवटीखाली स्टीलची वाटी. बोटाला ओला मलमल गुंडाळून गालाची आतली बाजू पुसून घ्यायची. मग लहान मुलांचा मऊ ब्रश, पेस्ट अगदी नखाएवढी, आणि एकेका दाताभोवती, हिरडीच्या कडेला तिरपा धरून. पहिल्या आठवड्यात ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे. ज्यांनी मला मोरीवर उभं करून दात घासायला शिकवलं त्यांच्या ओठांवर बोट ठेवून "आ करा नाना" म्हणताना माझाच घसा दाटायचा. रक्त यायचं. मी त्यांना सांगायचे, येऊ दे, तिथेच घासायचंय. दहा-बारा दिवसांनी थांबलं. त्या सातांपैकी एकच दात पुढच्या तीन वर्षांत पडला.

शेवटच्या हिवाळ्यात एके रात्री त्यांनी डाव्या हाताने खूण केली आणि तुटक तुटक म्हणाले, "सराफा." भाऊ स्कूटर काढून गेला. येताना गराडू आणले, कागदात अजून गरम. तळलेलं त्यांना चावेना, म्हणून मी वरची कुरकुरीत साल काढली, आतला मऊ गर वाटीत चमच्याने दाबला, वर चिमूटभर जिरावन, लिंबाचे दोन थेंब. नानांनी हळूहळू, डोळे मिटून, सात-आठ चमचे खाल्ले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आज राहू द्यावं, ती चव असू दे तोंडात. लिंबू होतं, तसाही अर्धा तास थांबायचाच होता. मी दिवा बारीक केला.

साडेअकराला त्यांनी वाटीवर बोट वाजवलं. वळून पाहिलं तर तोंड उघडून वाट बघत होते.